डेशूट्सवर आज वाराच वारा
अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या डेशूट्स नदीत स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट मासा) गळाने धरायला येताय? इथे उन्हाळ्यात दुपार चढली की वारा दरीतून प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला सुटतो. आजही तेच. अशा वाऱ्यात लाइन फेकायला डबल स्पे (लाइन खालच्या अंगाला ठेवून करायची फेक) नको. लाइनचा फुगा अंगावर येतो आणि गळ थेट कानाशी. सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी या फेका घ्या, म्हणजे लाइन वरच्या अंगाला राहते. लीडर (लाइन आणि गळ यांमधला बारीक दोरा) 9 ऐवजी 7 फूट, फेक पाण्यालगत. ऊन पाण्यावर आलं की तरंगती लाइन काढून सिंक-टिप (टोक बुडणारी लाइन) लावा. पण आधी थर्मामीटर बुडवा! पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर थांबा. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, त्यात दमलेला स्टीलहेड सोडला तरी वाचेलच असं नाही. उद्या पहाटे, दरीत ऊन उतरण्याआधी या.