सासरच्या कुळाचा शोध : मॅटलॉक, वर्क्सवर्थ आणि पॅरिशची पेटी

माझं सासर इंग्लंडातलं. नवऱ्याला स्वतःच्या पणजोबांचं नाव ठाऊक नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. माझ्या माहेरची नावं त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत पिढ्यानपिढ्या लिहिलेली आहेत, त्यामुळे हे माझ्या पचनी पडत नव्हतं. सासूबाईंना मात्र उत्सुकता होती. त्यांच्याकडे त्यांच्या आजीच्या लग्नाचा एक घडी पडलेला दाखला होता आणि ‘आपली माणसं मूळची वर्क्सवर्थची, शिशाच्या खाणीतली’ एवढी ऐकीव माहिती. तेवढ्या भांडवलावर आम्ही दोघी, वर्क्सवर्थ ज्या जिल्ह्यात येतं त्या डर्बीशरला जाऊन आलो. कुणी अशा शोधाला निघणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जोडीदार गोरा असलेल्यांना तर पडेलच, पण ज्यांचे आजोबा-पणजोबा शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडात राहून गेले त्यांनाही यातलं बरंच लागू आहे.

अर्धं काम घरीच उरकून घ्यायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. (स्कॉटलंडचा कारभार वेगळा, तिथे १८५५ पासून.) या नोंदींची सूची तिमाहीवार असते आणि ती घटनेच्या नव्हे, नोंदणीच्या तारखेने लावलेली असते. जन्म नोंदवायला बेचाळीस दिवसांची मुदत, म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. लग्नांसाठी स्वयंसेवकांनी उभी केलेली फ्रीबीएमडी ही साइट फुकट आहे. जन्म-मृत्यूसाठी जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे या नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याची, स्वतःची ऑनलाइन सूची बघा, ईमेल देऊन खातं उघडलं की झालं. जुन्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ नंतरच येतं, या सूचीत मात्र ते थेट १८३७ पासून आहे. आडनाव सर्रास असेल तर याच एका रकान्यावर तुमचा सगळा शोध तरतो. आमचं आडनाव सांगत नाही, पण त्या भागात ते आपल्याकडच्या जाधव-पाटलांइतकं पसरलेलं आहे.

आपल्या लोकांना नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे दाखला कुणीही कुणाचाही मागवू शकतो. तुमचं नातं काय, प्रतिज्ञापत्र कुठे आहे, असं कुणी विचारत नाही. सूचीतला जिल्हा, खंड आणि पानाचा क्रमांक भरायचा, पैसे भरायचे, दाखला घरी येतो. जुन्या जन्म-मृत्यूंचा पीडीएफ स्वस्तात मिळतो आणि संशोधनाला तो पुरतो. शिक्क्याच्या कागदासाठी जास्त पैसे घालवू नका.

लग्नाचा दाखला सगळ्यात कामाचा, कारण त्यावर नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो. (आईचं नाव यायला २०२१ साल उजाडावं लागलं!) सासूबाईंच्या आजीच्या दाखल्यावर वडिलांचा धंदा दगडखाणीत मजूर असा लिहिला होता. तिथून आम्ही जनगणना धरून मागे मागे गेलो. इंग्लंडात दर दहा वर्षांनी होणारी जनगणना शंभर वर्षं बंद ठेवून मग खुली करतात, सध्या १९२१पर्यंतची पाहता येते. १९३१ची कागदपत्रं आगीत गेली आणि १९४१ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्या पोकळीत सप्टेंबर १९३९चं रजिस्टर, म्हणजे युद्ध लागताच सरकारने केलेली घरोघरची नोंद, कामी येतं. १९११च्या जनगणनेत लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि त्यांतली किती गेली, हेही विचारलेलं आहे. सासूबाई तो रकाना वाचून बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१८४१च्या जनगणनेतल्या वयावर मात्र विसंबू नका. पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची अशी तेव्हाच्या गणकांना सूचना होती, त्यामुळे चोवीस वर्षांचा माणूस वीसचा दिसतो. जन्मगाव १८५१पासून मिळतं. आम्हाला तिथे वर्क्सवर्थ मिळालं आणि गाडी अडली, कारण हा पूर्वज १८१०च्या दशकातला. त्याचं लग्न सरकारी नोंदी सुरू होण्याआधीचं, म्हणजे चर्चच्या रजिस्टरात. त्या रजिस्टरात वधू-वरांच्या सह्या किंवा फुल्या असतात, साक्षीदार असतात, पण वडिलांचं नाव नसतं. इथून पुढे पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावगाडा.

आता प्रत्यक्ष प्रवास. डर्बीशरचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जिल्ह्याचं जुनं दप्तर सांभाळणारी कचेरी, मॅटलॉकला आहे. डर्बीहून छोटी गाडी मिळते. ती डरवेंट नदीच्या काठाकाठाने बेल्पर, क्रॉमफर्ड असं करत मॅटलॉकला संपते. खिडकीची जागा धरा. रिचर्ड आर्कराइटने १७७१मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली ती इथेच क्रॉमफर्डला, आणि गिरणीबरोबर कामगारांची घरं, पुढे चर्चही उभं केलं. गिरणगावात वाढलेल्या माणसाने इथे एकदा उतरायलाच हवं. मॅटलॉक स्टेशनपासून रेकॉर्ड ऑफिसकडे जाणारा बँक रोड म्हणजे घाटच. एके काळी त्या चढावर केबलने ओढायची ट्राम होती, ती १९२७मध्ये बंद पडली आणि ते चढताना प्रत्येक पावलाला जाणवतं. गुडघे दुखत असतील तर सरळ टॅक्सी करा. सासूबाईंनी केली नाही, आणि वर पोचल्यावर माझ्यासाठी थांबून राहिल्या.

जाण्याआधी उघडण्याचे वार बघून घ्या. ही ऑफिसं आठवडाभर उघडी नसतात. वाचकाचं कार्ड फुकट असतं, फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि त्याच कार्डावर देशातल्या इतर अनेक जिल्ह्यांच्या रेकॉर्ड ऑफिसांत प्रवेश मिळतो. पर्स, कोट, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये ठेवायचं. आत फक्त पेन्सिल चालते. फोटो काढायचे असतील तर दिवसाची फी भरून परवानगी घ्या, फ्लॅश बंद. हव्या त्या कागदांचे क्रमांक आधीच कॅटलॉगमधून टिपून न्या, नाहीतर अर्धा दिवस शोधण्यातच जातो.

आत गेल्यावर मूळ रजिस्टर हाताळायला मिळेल या आशेवर राहू नका. बहुतेक पॅरिश रजिस्टरं आता मायक्रोफिल्मवर किंवा पडद्यावरच दाखवतात, आणि त्यांतली पुष्कळशी एरवी पैसे भरून घेणाऱ्या साइट्सवर असतात. त्या साइट्स रेकॉर्ड ऑफिसात आणि सार्वजनिक वाचनालयांत बहुधा फुकट चालतात. पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम टॉमस क्रॉमवेलने १५३८मध्ये काढला. सुरुवातीचे कागद बरेच गेले. १५९८मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवायला सांगितलं तेव्हा निदान पहिल्या एलिझाबेथच्या गादीवर येण्यापासूनच्या तरी उतरवा, असं म्हटलं होतं. म्हणून पुष्कळ गावांची रजिस्टरं १५५८पासूनच सुरू होतात. १६४०-५०च्या यादवीच्या काळात भगदाड असणार हे गृहीतच धरा. १७५२पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे फेब्रुवारी १७२० असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१ असतं. हे डोक्यात नसेल तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मल्यासारखं दिसतं.

आमच्या पूर्वजाच्या बाबतीत मात्र ते खरंच तसं होतं. १८१३पासून बाप्तिस्म्याचं रजिस्टर छापील रकान्यांचं झालं : मुलाचं नाव, आईवडिलांचं नाव, राहण्याचं ठिकाण, धंदा. इथे वडिलांच्या जागी काही नाही, आणि आईच्या नावापुढे ती अविवाहित असल्याची नोंद. सासूबाईंचे एक चुलत काका घराण्याचा वृक्ष करताहेत, त्यांनी हे पान आधीच पाहिलं होतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये असं आपण म्हणतो. खाणीतल्या मजुराच्या कुळालाही तोच न्याय लावायचा, असं त्यांचं मत दिसतं.

काउंटरवरच्या बाईंनी आमची तोंडं पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘बापाचा रकाना रिकामा का? मग तुमचं नशीब चांगलं. पॅरिशची पेटी बघा.’

सगळ्या प्रवासात मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला हाच. चर्चमध्ये एक मजबूत पेटी असायची, तीत रजिस्टरांबरोबर पॅरिशचे हिशेबाचे कागद असत. १८३४पर्यंत गावातल्या गरिबांना पोसायची जबाबदारी त्या त्या पॅरिशची होती आणि त्याचा कर गावकऱ्यांच्या खिशातून जायचा. त्यामुळे कोण गरीब नक्की कोणत्या गावाचा, यावर पॅरिशांची कायम जुंपलेली. १६६२च्या कायद्याने परक्या गावच्या गरिबाला त्याच्या गावी परत धाडता येत असे. अमक्या गावचा हक्क मिळवायचा तर तिथे अविवाहित असताना वर्षभर चाकरी केलेली असावी, किंवा उमेदवारी केलेली, किंवा वर्षाला दहा पौंड भाड्याचं घर घेतलेलं. बायकोला नवऱ्याच्या गावचा हक्क मिळायचा, म्हणून गरोदर गरीब मुलीचं परगावच्या माणसाशी लग्न लावून द्यायलाही गावाचे कारभारी मागेपुढे पाहत नसत. लग्न लागलं की खर्च पलीकडच्या गावाचा! या भांडणापायी माणसांच्या जबान्या घेतल्या जात : जन्म कुठे, चाकरी कुठे, मालक कोण, पगार किती. श्रीमंताची माहिती त्याच्या मृत्युपत्रात मिळते, गरिबाची अशा जबानीत. सुखवस्तू शेतकऱ्याच्या चार पिढ्यांबद्दल जेवढं कळणार नाही तेवढं एका हाकलून दिलेल्या मजुराबद्दल एका पानात कळतं. तुमचे पूर्वज गरीब असतील तर रजिस्टरावर थांबू नका.

लग्नाबाहेरच्या मुलाचा खर्च कुणाच्या गळ्यात घालायचा हाही त्यातलाच प्रश्न. आईला न्यायाधीशांसमोर उभं करून बापाचं नाव वदवून घेत आणि त्या माणसाकडून हमीपत्र लिहून घेत. आमचं हमीपत्र फितीने बांधलेल्या एका गठ्ठ्यात निघालं. छापील अर्ज, मधल्या गाळलेल्या जागा तपकिरी पडलेल्या शाईने भरलेल्या, खाली लाखेचा तडकलेला तांबडा शिक्का. शिक्क्याशेजारी एक फुली. फुलीचा एक पाय लांब ओढला गेलेला, शेवटी शाईचा थेंब साचून वाळलेला. पेन धरायची सवय नसलेला हात. फुलीच्या दोन्ही अंगांना कारकुनाने त्या माणसाचं नाव आणि आडनाव लिहिलेलं, आणि वर धंदा : शिशाच्या खाणीतला कामगार, वर्क्सवर्थ. घरातली ऐकीव गोष्ट खरी होती, फक्त आडनाव दुसरंच निघालं.

सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षं आपण त्या बाईचं आडनाव लावतोय. बरंच झालं. वाढवलं तिनेच ना.’

दुसऱ्या दिवशी बसने वर्क्सवर्थला गेलो. मॅटलॉकहून बस आहे. हौस असेल तर डफील्डहून वर्क्सवर्थपर्यंत जुनी रेल्वेही ठरावीक दिवशी चालवतात. सेंट मेरी चर्चच्या भिंतीत एका खाणकामगाराची छोटी कोरीव मूर्ती बसवली आहे, हातात कुदळ आणि टोपली. तिथले लोक तिला ‘टौड मॅन’ म्हणतात. चर्चच्या आवारात आमच्यापैकी कुणाचं थडगं सापडेल या आशेने सासूबाई फुलं घेऊन आल्या होत्या. असं काही मनात धरून जाऊ नका. गरिबाच्या डोक्याशी दगड नसायचाच, दफनाच्या रजिस्टरातली ओळ हीच त्याची खूण. फुलं त्यांनी चर्चमधल्या बाईंकडे दिली आणि आम्ही समोर जाऊन सूप घेतलं.

ज्यांना मुंबई इलाख्याशी संबंधित इंग्रज किंवा अँग्लो-इंडियन घराणं शोधायचंय त्यांना मॅटलॉकसारख्या गावी जायची गरज नाही. पुणे, खडकी, देवळालीच्या चर्चांतल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या क्रमांकाखाली आहेत. आणि बोटीने इंग्लंडला गेलेले आपले आजोबा शोधायचे तर लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रवाशांच्या याद्या आहेत : येणाऱ्यांच्या १८७८ ते १९६०, जाणाऱ्यांच्या १८९० ते १९६०. भारतीय नावांचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून, तेव्हा कुलकर्णी पाच-सहा तऱ्हांनी शोधावा लागेल.

आमचं घोडं सध्या त्या फुलीपाशी अडलंय. त्या नावाच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे वर्क्सवर्थच्या रजिस्टरात आहेत, एकमेकांपासून थोड्याच वर्षांच्या अंतराने. ऑनलाइन वृक्षांत कुणीतरी त्यांतला मधला उचलून थेट सोळाव्या शतकापर्यंत नेलाय, पुराव्याचा पत्ता नाही. असे तयार वृक्ष उतरवून घेऊ नका. आधी तिघांपैकी कुणी लहानपणीच गेला का ते दफनाच्या रजिस्टरात बघायचं, मग उरलेल्यांची लग्नं. डर्बीशर तेव्हा लिचफील्डच्या बिशपच्या अखत्यारीत होतं, त्यामुळे १८५८पूर्वीची मृत्युपत्रं आणि बिशपकडे पाठवलेल्या रजिस्टरांच्या नकला स्टॅफर्डला आहेत. पुढची फेरी तिकडे. खाणकामगारांकडेही कधी कधी खाणीतला हिस्सा असायचा, आणि हिस्सा असला की तो मुलाच्या नावावर करणारा कागदही असतो.