एक मायनस वन आणि त्यामागचं कारण

मी ज्या कंपनीत आहे ती मला एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रोजेक्टवर काम करायचा पगार देते. प्रोजेक्ट कंपनीच्या मालकीचा नाहीये, वेगवेगळ्या देशांतली माणसं त्यात कोड लिहितात, कोणी नोकरीचा भाग म्हणून, कोणी दिवसाचं काम आटपल्यावर स्वतःच्या वेळात. मी त्या प्रोजेक्टच्या कमिटीवर आहे आणि ही गोष्ट घडली तेव्हा एखाद्या बदलावरचं मतदान संपलं की निकाल जाहीर करायचं काम माझ्याकडे होतं. एरवी हे अगदी रुटीन काम, दोन ओळी लिहायच्या आणि पुढे जायचं. त्या दिवशी मात्र सकाळी मतदानाचा थ्रेड उघडला तर +१ ची, म्हणजे होकाराच्या मतांची नुसती रांग लागलेली, आणि त्यातली बरीचशी नावं आमच्याच कंपनीतली, काहींनी तर याआधी प्रोजेक्टमधे एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.

झालं असं होतं की आमच्या टीममधल्या एकाने डेटा फाइल लहान करणारा बदल सुचवला होता. बदल चांगलाच होता, फाइल्स खरंच लहान होत होत्या, आणि कंपनीला एका मोठ्या ग्राहकासाठी तो तातडीने हवा होता. मग मॅनेजरनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं की सगळ्यांनी जाऊन +१ द्या. आणि त्या रांगेच्या शेवटी एकच -१, म्हणजे विरोध. देणारा कुठल्याही कंपनीचा नाही, कित्येक वर्षं हौसेने काम करणारा जुना कमिटर, म्हणजे ज्याला कोडमधे थेट बदल करायचा हक्क आहे असा.

दुपारी मॅनेजरचा मेसेज आला, "एकट्याने काय होतंय, मोजून टाक आणि निकाल लाव."

आता इथे आमचे नियम सांगायला हवेत. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही बरेच ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणारी संस्था, तिच्या पद्धतीवर ते बेतलेत. मत म्हणजे +१, ० किंवा -१, आणि मतदान निदान ७२ तास उघडं ठेवायचं, कारण माणसं वेगवेगळ्या टाइमझोनमधली आणि स्वयंसेवकाला रोज डोकावणं जमेलच असं नाही. नवीन व्हर्जन रिलीज करायचं असेल तर किमान तीन बाइंडिंग (म्हणजे निकालात धरले जाणारे) +१ हवेत आणि ते -१ पेक्षा जास्त हवेत, तिथे कोणी एकटा अडवू शकत नाही. पण कोडमधल्या बदलाला एका कमिटरचा -१ आला की तो व्हेटो, म्हणजे बदल तिथेच अडला. अट एवढीच की तांत्रिक कारण द्यायला लागतं, नुसतं "मला पटत नाही" चालत नाही. आणि कारण खरं असेल तर समोर कितीही +१ असोत, ज्याने व्हेटो दिला त्याने मागे घेतल्याशिवाय तो उठत नाही. आणि आमच्या ऑफिसच्या त्या रांगेतली बहुतेक मतं तशीही बाइंडिंग नव्हती, कारण मत माणसाचं असतं, त्याच्या कामावरून मिळालेलं, कंपनी किती मोठी आहे त्यावरून नाही.

म्हणजे मला मोजायचं नव्हतंच, मला कारण तपासायचं होतं. त्याने तीन ओळी लिहिल्या होत्या आणि खाली एक टेस्ट जोडली होती. नव्या व्हर्जनने फाइल लिहायची, जुन्याने वाचायची, एवढीच टेस्ट. मी ती माझ्या मशीनवर चालवली. १०००, १००३, १००७ असे आकडे लिहिले होते, जुन्या व्हर्जनने वाचले १०००, ३, ४. कारण नवीन पद्धतीत पहिला आकडा पूर्ण ठेवतात आणि पुढे फक्त फरक ठेवतात, आणि ही फाइल नव्या पद्धतीची आहे ही खूण हेडरमधल्या, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीमधल्या, अशा एका राखीव बाइटमधे टाकली होती जो जुनं व्हर्जन बघतच नाही. त्यामुळे ते फरकालाच आकडा समजून वाचत होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. प्रोग्राम बंद पडला असता तर एकवेळ परवडलं असतं, निदान कळतं तरी. इथे चुकीचे आकडे गुपचूप पुढे गेले असते, आणि तो डेटा कोणाच्या कुठल्या रिपोर्टमधे जाऊन बसला असता कोण जाणे! मी स्क्रीनवर ते ३ आणि ४ बघत बसले आणि मला त्या माणसाबद्दल इतकं बरं वाटलं की खरंच शब्दांत सांगता येणार नाही, कारण +१ देणाऱ्यांपैकी कोणीच हे करून बघितलं नव्हतं.

निकालात मी लिहिलं की व्हेटो वैध आहे, बदल मर्ज होणार नाही, म्हणजे मुख्य कोडमधे जाणार नाही, आणि टेस्टचा रिझल्ट जोडला.

मग लगेच मीटिंग. मॅनेजरचं म्हणणं की बहुमत आपलं आहे, मग ही कसली लोकशाही, कमिटीत आपली माणसं भरपूर आहेत तर व्हेटोचा नियमच काढून टाकू. मी सरळ सांगितलं की सर, नियम बदलता येतो, त्यालाही पद्धत आहे, पण चालू वादाचा निकाल फिरवायला नियम बदलला तर उद्या एकही स्वयंसेवक इथे थांबणार नाही आणि कोड सांभाळणारी निम्मी माणसं तीच आहेत. इंग्रजी विकिपीडियावर लेख वगळायच्या चर्चेत बाहेरून माणसं बोलावून आणली असं दिसलं तर वर चक्क सूचना लावतात की हे बहुमताचं मतदान नाही, आणि चर्चा बंद करणारा डोकी मोजत नाही, मुद्दे तोलतो. ते उगाच नाही, अशा रांगा बघूनच शहाणपण आलंय. नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवली की दुसऱ्या टोकालाही घोळ होतो. फेसबुकने पूर्वी धोरणांवर सभासदांचं मतदान ठेवलं होतं, पण ते बंधनकारक व्हायला ३० टक्के सभासदांनी मत द्यायची अट होती. २०१२ मधे मत देणाऱ्यांतल्या मोठ्या बहुमताने बदलाला विरोध केला, पण ३० टक्क्यांच्या जवळपासही कोणी पोचलं नाही, आणि ती मतदानाची सोयच गेली.

मीटिंगमधे आवाज चढले, माझ्या अप्रेझलचाही विषय निघाला, ते सोडा.

ज्याने बदल लिहिला होता तो आमचा सहकारी मात्र फार चांगला निघाला. संध्याकाळी त्याने स्वतःहून त्या कमिटरला लिहिलं, दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत होते. उपाय साधा निघाला, फाइलचा व्हर्जन नंबरच वाढवायचा, म्हणजे जुनं व्हर्जन ती फाइल उघडायलाच नकार देईल आणि कारणही सांगेल. नवा पॅच, म्हणजे सुधारलेला बदल आला, तीच टेस्ट त्यात कायमची घातली, आणि त्या माणसाने "कारण दूर झालं, -१ मागे घेतो" एवढंच लिहिलं. कंपनीला तो बदल मिळाला, थोडा उशिरा मिळाला इतकंच.

माझ्या डोक्यात मात्र ती रांग राहिली. व्हेटो फक्त कोडला आहे, कमिटीच्या इतर निर्णयांना नाही, तिथे बहुमतच चालतं आणि तिथे आमच्या कंपनीची माणसं खरंच जास्त झालीयेत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रोजेक्टमधे २०१८ च्या जुलैत तिचे जनक गुइडो व्हान रोसम निर्णयांच्या जबाबदारीतून बाजूला झाले, त्यानंतर कोअर डेव्हलपर्सनी मतदानाने पाच जणांच्या कौन्सिलची पद्धत निवडली, आणि त्यात नियम आहे की एकाच मालकाकडे काम करणारे दोनपेक्षा जास्त सभासद कौन्सिलवर नकोत. तसाच नियम मी आमच्या कमिटीसाठी मांडलाय. तो पास झाला तर आमच्यापैकी काहींना उठावं लागेल, कदाचित मलाही, आणि मला ते चालेल.

त्यावर पहिला आक्षेप आला तो त्या -१ वाल्या कमिटरचाच. त्याचं म्हणणं की मर्यादा ठीक आहे पण कंत्राटी माणसांचं काय, ती कागदोपत्री एका कंपनीची आणि काम करतात दुसरीचं, त्यांना कोणाकडचं धरायचं ते मसुद्यात लिहिलेलंच नाही. मुद्दा बरोबर आहे, ते कलम मी आता नव्याने लिहायला घेतलंय.