फरशी, कूलर आणि पाच-सहा-सात

साल्सा-बचाटा या लॅटिन जोडीनाचांच्या सोशलवरून, म्हणजे मेळाव्यावरून, घरी आल्यावर गुडघा ठणकत असेल, तर शिक्षकाला दोष देण्याआधी बूट उलटे करून तळ बघा. जाड रबराचा, खोल खाचांचा स्पोर्ट्स शू असेल तर दुखणं तिथंच सापडेल. टर्न घेताना अंग फिरतं, पाऊल मात्र फरशीला धरून राहतं आणि उरलेला सगळा पीळ गुडघ्यात जातो. साल्साच्या एका गाण्यात फॉलोला, म्हणजे जोडीदाराच्या इशाऱ्यावर नाचणारीला, पंधरा-वीस टर्न सहज पडतात. रात्रभराचा हिशोब तुम्हीच करा.

क्लासमध्ये हे लक्षात येत नाही, कारण तिथं दहा मिनिटं नाच आणि वीस मिनिटं समजावणं असतं. सोशलमध्ये आधी काहीच बसवलेलं नसतं. गाणं लागलं की कोणाला तरी विचारायचं, ते एक गाणं नाचायचं, थँक यू म्हणायचं आणि पुढचा जोडीदार. असं तीन तास चालतं. आपल्याकडे नागपुरात त्यासाठी जागा मिळते ती बहुतेक वेळा कॅफेचा वरचा मजला, हॉटेलचा बँक्वेट किंवा एखाद्या स्टुडिओचा हॉल. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, नाही तर कोटा. बँक्वेटमध्ये गालिचा अंथरलेला असेल तर तो गुंडाळायला लावा. गुंडाळत नसतील तर जागा बदला. गालिच्यावर टर्न होत नाही, नुसता पाय मुरगळतो.

टाइल वाईट नसते, तिचा मूड बदलतो एवढंच. कोरड्या दिवसात तिच्यावर धूळ बसते आणि लेदरचा तळ सुळकन जातो. म्हणून सुरुवातीआधी एकदा ओलं फडकं, मग कोरडं. हवेत दमटपणा वाढला की तीच टाइल चिकटते, बूट किरकिर वाजतात. आता यात आपला नागपुरी कूलर आला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना डेझर्ट कूलर चालतो तो हवा खडखडीत कोरडी असते म्हणून. पण खिडक्या बंद करून दोन मोठे कूलर लावले आणि वर चाळीस माणसं नाचायला लागली, की अर्ध्या तासात ती ओल टाइलवर उतरते. कूलर नेहमी खिडकीबाहेर, समोरची खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. हॉल गार झाला की पंप बंद करून नुसता पंखा ठेवायचा. कूलरच्या समोरचा चार फुटांचा पट्टा नाचासाठी धरूच नका, तिथं शिंतोडे येतात. आणि जुलैत कूलर लावण्यात काही अर्थ नाही बाप्पा, तेव्हा एसी तरी हवा, नाही तर नुसते पंखे.

फरशी चिकटली की कोणी तरी हमखास टाल्कम पावडरचा डबा काढतं. तो हिसकावून घ्या. पावडर सारखी पसरत नाही. एक पाय घसरतो, दुसरा अडतो, आणि पडणारा माणूस नेमका पावडर न टाकणारा असतो.

बुटांचा सोपा इलाज मोच्याकडे आहे. तळ घासून सपाट झालेला, घोट्याला घट्ट बसणारा जुना बूट घ्या आणि सीताबर्डीवरच्या कोणत्याही मोच्याकडून पंज्याखाली स्वेडचा तुकडा चिकटवून घ्या. स्वेड म्हणजे चामड्याची आतली, लव असलेली बाजू. लव खाली यायला हवी, हे दोनदा सांगा. नाही तर तो सवयीने गुळगुळीत बाजू खाली लावून देतो. टाचेला लावायची गरज नाही, टर्न पंज्यावर होतो. हे बूट घालून पार्किंगपर्यंत जायचं नाही, पिशवीत न्यायचे. पाणी लागलं की स्वेड कडक होतं, धूळ बसली की लव दबते. तेव्हा तारेच्या ब्रशने एकाच दिशेने घासायचं. खरखरीत कोट्यावर मात्र स्वेड फार लवकर झिजतं. तिथं साधा लेदर तळ बरा.

आयोजकांची तयारी असेल तर उत्तम उपाय म्हणजे प्लाय. लकडगंजात १८ मिलिमीटरची ८ बाय ४ फुटांची शीट मिळते. साल्साचं जोडपं एका लांबट पट्ट्यात नाचतं आणि तो पट्टा साधारण एवढाच असतो, म्हणजे एक शीट, एक जोडी. बारा शीट टाकल्या की ३८४ चौरस फूट झाले. बचाटामध्ये तेवढ्यातच दुप्पट जोड्या मावतात, कारण तिथं पट्टा लागत नाही. शीट थेट टाइलवर टाकली तर सरकते. खाली पातळ फोम किंवा रबर शीट हवीच. सांधे वरून रुंद टेपने बंद करा, कोपरे दुहेरी. टाच अडकते ती नेहमी कोपऱ्यात. एका शीटचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं, तेव्हा उचलायला दोघं लागतात.

आता पावलं. ती आठ मात्रांत मोजतात. ऑन वन साल्सात, म्हणजे एकच्या मात्रेवर पुढे जायच्या प्रकारात, लीड (नाच पुढे नेणारा) एकला डावा पाय पुढे टाकतो, दोनला उजव्यावर वजन, तीनला डावा परत. चारला काही नाही. पाचला उजवा मागे, सहा, सात, आणि आठला पुन्हा काही नाही. आपली मंडळी अडतात ती या ‘काही नाही’वर. कहरव्याच्या आठही मात्रा भरलेल्या असतात, धा गे ना ति, न क धि न. त्यावर वाढलेल्या पायाला रिकामी मात्रा सहन होत नाही. मग चारला उगाच एक टॅप पडतो, वजन चुकीच्या पायावर जातं आणि पाच उशिरा येतो. बचाटा आधी शिकलेल्यांचं हेच जास्त होतं, कारण बचाटात चार आणि आठला टॅप असतोच. उपाय म्हणजे तीनचं पाऊल मुद्दाम सावकाश टाका, चारपर्यंत ओढत न्या. पाय रिकामा राहिलाच नाही तर टॅप कुठून येणार?

‘एक’ कुठे आहे ते कळत नसेल तर कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, ऐका. दर चौथ्या मात्रेवर दोन उघडे ठोके येतात, दुम्-दुम्. त्यांच्या लगेच पुढे एक किंवा पाच. त्यातला ‘एक’ कोणता आणि ‘पाच’ कोणता, ते गाण्याच्या ओळीवरून कळतं. गाणं रंगात आल्यावर वाजणारी काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) एक, तीन, पाच, सातवर ठणठणीत पडते. नवख्यांनी तीच धरावी. साल्साची लय मिनिटाला १६० ते २१० ठोके, बचाटाची बहुधा १२० ते १४०. सरावाला १६० ची गाणी पुरे.

नवख्या लीडला बेसिक (वरची साधी पावलं), राइट टर्न आणि क्रॉस बॉडी लीड (फॉलोला पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवणं) एवढ्यावर अख्खी रात्र काढता येते. पण क्रॉस बॉडी नीट हवा. तो बिघडतो तीनवर. दोननंतर लीडने तीनला पट्ट्यातून बाजूला होऊन नव्वद अंशात डावीकडे वळायचं असतं. रस्ता मोकळा झाला की पाच-सहाला फॉलो सरळ चालत पलीकडे जाते आणि सातला दोघं समोरासमोर. लीड जागेवरच उभा राहिला की तिला त्याला वळसा घालून जावं लागतं. मग तो हाताने ओढतो, आणि सात कोणाचंच वेळेवर येत नाही. टर्न देताना हात तिच्या डोक्याच्या वर हवा, मागे खेचलेला नको. खांदे दुखतात ते त्यानेच. अंगठ्याने पकडू नका, बोटांची सैल आकडी पुरे. अनोळखी जोडीदाराला डिप, म्हणजे हातावर मागे झुकवणं, नाहीच.

गर्दी असेल तर सगळ्यांचे पट्टे एकाच दिशेला, डीजेच्या भिंतीला समांतर. एकाने आडवा नाच सुरू केला की कोपरं लागलीच म्हणून समजा.

बाकीचं थोडक्यात. कोणी नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. उन्हाळ्यात तीन टी-शर्ट आणि एक टॉवेल. सावजी नाचानंतर. आधी खाल्लं तर ते तुमच्यासकट समोरच्यालाही सोसावं लागतं.

गाणी दोन साल्सा, दोन बचाटा अशी लावली तर दम टिकतो. फानिया या न्यूयॉर्कच्या साल्सा कंपनीच्या जुन्या रेकॉर्डिंगमधली बरीच गाणी पाच मिनिटांच्या पुढे जातात, अशी दोन लागोपाठ आली की अर्धा हॉल खुर्च्यांवर. डीजेने गाणं मध्येच दुसऱ्यात मिसळू नये, नाचणाऱ्याला शेवटच्या ठोक्यावर थांबायचं असतं.

वेळेचा पेच खास आपला आहे. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही. बंदिस्त हॉलला सवलत आहे, पण कूलरसाठी खिडक्या उघड्या ठेवल्या की तो हॉल बंदिस्त कसला? निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि धरमपेठच्या गल्लीत समोरचं घर वीस फुटांवर असतं. म्हणून सुरुवात साडेसहाला लिहा. लोक सव्वासातला येतील, तेवढा वेळ शीटला टेप लावायला मिळतो. पावणेदहाला शेवटचं गाणं, मग शीट उचला आणि टेप त्याच रात्री काढा. सकाळपर्यंत ठेवली तर डिंक टाइलवर राहतो आणि पुढच्या वेळी हॉलवाला फोन उचलत नाही.