उशी

तिचा उजवा डोळा झोपेतही उघडा राहायचा. भाजून सात महिने झाले होते. गालावरचा व्रण आकसत गेला आणि खालची पापणी बाहेर उलटली. एरवी व्रण मऊ पडेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, आम्ही थांबतो. पापणीसाठी थांबता येत नाही. उघडं बुबुळ कोरडं पडतं, जखम होते, मग फूल पडून दिसणंच अधू होतं.

आधी कोणीतरी मांडीची पातळ त्वचा लावून ही पापणी सोडवली होती. पातळ त्वचा जास्त आकसते, म्हणून खालच्या पापणीला पूर्ण जाडीची लागते. शिकाऊ डॉक्टरलाही हे ठाऊक असतं. मला त्याचा रागच आला.

हनुवटी छातीकडे ओढलेली, मान मागे जाईना. भूलतज्ज्ञांनी ती जागी असतानाच दुर्बिणीने श्वासनलिकेत नळी घातली. कौशल्य त्यांचं, धीर तिचा.

बोटभर दिसणारा व्रण मोकळा केला की आत एवढी जागा उघडते, की नवख्याला वाटतं काहीतरी चुकलं. पापणी हवी त्याहून थोडी वरच नेऊन वरच्या पापणीला तात्पुरती शिवली, कारण पुढे ती खाली येणारच. टाक्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून साचा घेतला. कानामागची त्वचा काढली, तिचा रंग चेहऱ्याशी जुळतो. मग ती बोटावर ताणून कात्रीने चरबी खरवडत बसलो, पांढरा थर दिसेपर्यंत. या कामात मला घाई खपत नाही. चरबी राहिली तर खालून रक्त पोचत नाही आणि त्वचा मरते. वर कापसाचा बोळा घट्ट बांधला.

पाचव्या दिवशी बोळा सोडला. त्वचा गुलाबी होती. तिची आई पायथ्याशी उभी होती.

"डॉक्टर, मान दुखते म्हणायची, म्हणून उशी मीच देत होते. त्यामुळं चिकटली का हो मान?"

मान भाजली की उशी द्यायची नसते. खांद्याखाली गुंडाळी ठेवून मान मागे ताणलेली ठेवायची, नाहीतर ती वाकलेलीच भरून येते. मग मान गालाला ओढते, गाल पापणीला. घरच्यांना हे कोण सांगतं? आम्ही रोज मलमपट्टी बघतो, उशी बघत नाही.

"उशी काढा, हे सांगायचं काम आमचं होतं," मी म्हणालो. मी "नाही" म्हणालो नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं. तिने मान खाली घातली.

तेव्हा खोटं बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही. मानेची शस्त्रक्रिया व्हायची आहे, आणि त्यानंतर रात्री सांभाळायला आईच असणार आहे.