जिभेखालचे तीन आकडे

सवलतीत मागवलेल्या बुटांची जीभ आज उलटून पाहिली, तेव्हा आतल्या पट्टीवर एकाच मापाचे तीन आकडे छापलेले दिसले: ब्रिटिश ७, अमेरिकन ८ आणि युरोपीय ४१. विक्रेत्याच्या पानावर मात्र नुसता ८ होता. तो कोणत्या पद्धतीचा, याचा उल्लेख कुठेही नव्हता; मी तो ब्रिटिश धरला, निघाला अमेरिकन.

मी घट्ट बुटांत चालून पाहत असताना बहीण म्हणाली, “निम्मी सवलत आहे ना, मग बोटेही निम्मीच आत जायची!”

ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतींत लागोपाठच्या दोन पूर्ण मापांमधले अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर असते. तेवढ्या फरकाने अंगठा पुढे टेकतो. सोबत आलेला सदरा ढगळ निघाला, तो घरात वापरता येईल. बुटांचे तसे नसते.

त्या पानावर खोडलेली मूळ किंमत ठळक होती, सवलत संपायचा वेळ सेकंदासेकंदाने उलटा मोजला जात होता, आणि तळपायाची लांबी सांगणारी एक ओळ तेवढी नव्हती. ‘सवलतीचा माल परत घेतला जाणार नाही’ ही अट बारीक अक्षरांत तळाशी होती. जो माल परत करता येत नाही, त्याच्याच मापाची माहिती इतकी त्रोटक का असावी?