कॅनडाच्या पीआरसाठी इंग्रजी परीक्षा कोणती? माझी निवड कशी ठरली

नाशिकमध्ये कुणालाही सांगा की कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्याची, तयारी करतेय, पुढचा प्रश्न ठरलेला: "आयईएलटीएस कधी देतेस?" कॅनडातल्या मिसिसागात राहणाऱ्या माझ्या मामेभावाचंही तेच म्हणणं होतं. त्याच्या वेळी त्याने तीच दिली होती, काम झालं होतं. पण एक्सप्रेस एंट्रीला, म्हणजे पीआरसाठी गुणांवर उमेदवार निवडण्याच्या कॅनडाच्या पद्धतीला, इंग्रजीसाठी तीन परीक्षा चालतात: आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि ३० जानेवारी २०२४ पासून पीटीई कोअर. नावं नीट वाचा. आयईएलटीएस अकॅडमिक इथे चालत नाही, पीटीई अकॅडमिक चालत नाही, ड्युओलिंगो तर नाहीच. ऑस्ट्रेलियासाठी किंवा युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी एखाद्याने दिलेली परीक्षा त्याला कितीही फळली असली, तरी ती आपल्या कामाची असेलच असं नाही.

मी आधी परीक्षेचा विचार बाजूला ठेवला आणि गुणांचा हिशेब मांडला. तिन्ही परीक्षांचे स्कोअर शेवटी एकाच मापात बदलले जातात, ते माप म्हणजे सीएलबी, भाषेच्या पातळ्या मोजायची कॅनडाची पट्टी. माझं पोस्ट ग्रॅज्युएशन झालेलं, अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत पर्चेसमध्ये तीन वर्षांहून जास्त अनुभव, अर्ज एकटीचा. अशा उमेदवाराला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत सीएलबी ९ मिळालं, तर भाषेचे १२४ गुण होतात. शिवाय शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे ५०, परदेशातला म्हणजे आपला भारतातला अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचे आणखी ५०. आता समजा तीन भागांत ९ आले आणि फक्त लिहिण्यात ८. भाषेचे आठच गुण जातात, पण दोन्ही जोड्यांचे गुण निम्म्यावर येतात. म्हणजे एका भागातल्या एका पायरीमुळे एकूण ५८ गुणांचा फटका. मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे गुणही काढून टाकले आहेत, त्यामुळे ही तूट दुसरीकडून भरून काढणं आणखी अवघड झालंय. आणि दोन वेळच्या निकालांतले चांगले भाग निवडून एकत्र करता येत नाहीत; चारही भाग एकाच निकालात लागतात.

हे कागदावर पाहिल्यावर "कोणती परीक्षा सोपी" हा प्रश्नच माझ्यासाठी संपला. माझा सगळ्यात कच्चा भाग कोणत्या परीक्षेत ९ पर्यंत पोचेल, एवढंच पाहायचं होतं.

माझा कच्चा भाग म्हणजे लिहिणं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यानंतर इंग्रजी वाचलं खूप, ऐकलं खूप, पण निबंध असा कधी लिहिला नाही. आयईएलटीएसमध्ये सीएलबी ९ साठी वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांत ७ बँड लागतात, ऐकण्यात मात्र ८. ऐकण्याच्या ८ साठी ४० पैकी साधारण ३५ उत्तरं बरोबर यावी लागतात. ते मला जमत होतं, कारण प्रश्न समोर असतात आणि ऐकता ऐकता उत्तर टिपता येतं. अडायचं लिहिण्यात. तासाभरात एक पत्र आणि २५० शब्दांचा निबंध, तोही "शहरीकरणाचे फायदे जास्त की तोटे" अशा धाटणीचा. सरावात माझा निबंध साडेसहाच्या पुढे सरकत नव्हता.

मग बाकीच्या दोन्ही परीक्षांचे नमुना पेपर सोडवले. हे प्रत्येकाने करावंच, अगदी मनापासून सांगते; क्लासची फी भरण्याआधी करावं. प्रत्येक परीक्षेचा नमुना तिच्या अधिकृत साइटवर मिळतो.

पीटीई कोअर पूर्ण कॉम्प्युटरवर, साधारण दोन तासांची, निकालही झटपट. तिथे एकाच प्रश्नाचे गुण दोन भागांत मोजले जातात. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं, तर ते ऐकण्यातही धरतात आणि बोलण्यातही. ज्याची स्मरणशक्ती तल्लख आहे आणि जो न अडखळता बोलतो, त्याला ही परीक्षा खूप देते. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला ती अगदी फिट बसली. मी बोलताना मध्येच थांबून शब्द शोधते, आणि तिथे तीन सेकंद गप्प राहिलं की माइक बंद होतो. शिवाय सीएलबी ९ साठी लिहिण्यात ९० पैकी ८८ लागतात. माझ्या कच्च्या भागालाच सगळ्यात उंच उडी मारावी लागली असती.

सेल्पिपमध्ये लिहिण्याचे दोन प्रश्न: एक ईमेल, आणि दुसरा सर्व्हेला उत्तर, म्हणजे दोनपैकी एक पर्याय निवडून तो का निवडला ते सांगायचं. दोन्ही १५० ते २०० शब्दांचे. माल उशिरा आला, दर कमी करा, बदली पार्ट पाठवा अशा ईमेल मी रोज लिहिते. शिवाय स्पेलिंग तपासायची सोय स्क्रीनवरच असते. सेल्पिपचा ९ म्हणजे थेट सीएलबी ९, तक्ता पाहावा लागत नाही. माझी परीक्षा ठरली.

तिची स्वतःची अवघड बाजू आहे आणि ती आधी कळलेली बरी. ऐकण्याच्या भागात प्रश्न संवाद संपल्यावर येतात, आणि संवाद एकदाच वाजतो. कोण काय म्हणालं, कशावर अडलं, शेवटी काय ठरलं हे भराभर टिपायची सवय लावावी लागते. मी रोज कॅनडातल्या सीबीसी रेडिओच्या मुलाखती लावून आईच्या जुन्या डायरीत टिपणं काढायचे. बोलण्यात समोर माणूस नाही, नुसता माइक आणि सरकणारं घड्याळ. त्यात आजूबाजूचे उमेदवारही त्याच वेळी मोठ्याने बोलत असतात. ज्याला माणसाच्या चेहऱ्याकडे बघून बोलणं सुधारतं, त्याने आयईएलटीएसच द्यावी. तिथली ११ ते १४ मिनिटांची मुलाखत खऱ्या परीक्षकाबरोबर होते आणि त्याचा अनेकांना मोठा आधार वाटतो.

नोंदणी करताना एका गोष्टीला जपा. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. फॉर्ममध्ये ते तसंच्या तसं भरा आणि परीक्षेला तोच पासपोर्ट न्या.

निकालात चारही भागांत ९ किंवा जास्त आले, लिहिण्यात बरोबर ९. निकाल दोन वर्षं चालतो, पण प्रोफाइल बनवताना आणि निवड झाल्यावर पीआरचा अर्ज भरताना, दोन्ही वेळी तो मुदतीत असावा लागतो. म्हणून डिग्रीच्या तपासणीचे (आपली डिग्री कॅनडातल्या कोणत्या डिग्रीच्या बरोबरीची ते ठरवणाऱ्या) कागद मी आधी पाठवले आणि परीक्षेची तारीख नंतर घेतली.

आता प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे निवडीची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत, आहे, आणि पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंचचा वर्ग लावलाय. फ्रेंचच्या चारही भागांत ७ ची पातळी गाठली तर माझ्या इंग्रजीसोबत ५० गुण वेगळे मिळतात, आणि फ्रेंचवाल्यांच्या ड्रॉचा, म्हणजे निवडीच्या फेरीचा, कटऑफही बराच खाली असतो. तिथेही दोन परीक्षा आहेत, टीईएफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा. दोन्हींचे नमुना पेपर उतरवून ठेवलेत.