विजयदुर्ग ते वेंगुर्ला बोटीनं: सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

सोलापूरहून कोकणात जाणारे आपण बहुतेक जण मालवण गाठतो, सिंधुदुर्ग बघतो, मासे खातो आणि परततो. समुद्र त्यात असतो, पण काठावरून दिसेल तेवढाच. आम्ही दोन कुटुंबांनी गड्डा यात्रा आटोपल्यावर, माघात, तोच किनारा पाण्यातून पाहिला. विजयदुर्गला बोटीत बसलो, देवगड आणि मालवणला मुक्काम केला आणि वेंगुर्ल्याला उतरलो. हे जमतं, लहान मुलं आणि साठीपुढची माणसं घेऊनही जमतं. मात्र आखणी सुट्ट्या बघून करायची नाही. भरती आणि वारा बघून करायची.

भरतीचा हिशोब सोलापुरात बसून होतो. दाते पंचांग आपल्याच गावचं. त्यात तिथी बघायची आणि तिचा आकडा पाऊणपट करायचा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागं सरकते, म्हणून हा हिशोब लागू पडतो. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतोच, त्यामुळं जायच्या आधी त्या त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघून घ्यायचं. पण कुठला आठवडा धरायचा हे ठरवायला पंचांग पुरतं.

आम्ही माघ शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतचे दिवस धरले. सकाळी सातला निघायचं, नऊ ते अकराच्या मध्ये पुढच्या बंदरात शिरायचं आणि तेव्हा पाणी भरलेलं असायला हवं, असा हिशोब होता. द्वादशी ते चतुर्दशीला तो बरोबर बसतो. पौर्णिमेजवळ उधाण असतं, खाडीच्या तोंडाला ओढ वाढते, हे खरं. इथला भरती-ओहोटीचा फरक मुंबईपेक्षा कमी आहे, तरी गाळानं भरलेल्या खाडीत तेवढाही पुरतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाटा आल्या की खाडीच्या तोंडाशी त्या उभ्या राहतात आणि लहान बोट तिथं आपटत जाते. कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते, तिथं हे काठावरूनही दिसतं. म्हणून खाडीत शिरायचं ते भरतीबरोबरच.

वाऱ्याचं गणित याहून सोपं आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि पाणी शांत असतं. अकरा-बाराच्या पुढं खारे वारे सुरू होतात, बहुतेक वायव्येकडून, आणि तासाभरात पाण्याचा रंगच बदलतो. आमच्या तांडेलमामांचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या मामांचं, एकच सांगणं असायचं, “वारो सुटाच्या आधी पोचाक व्हया.” दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडं धरायची तीही याचसाठी. उशीर झालाच तर वारा पाठीवर राहतो. उलट दिशेनं तोच वारा तोंडावर येतो, सगळे भिजतात आणि निम्म्यांना मळमळतं.

समुद्रातून अंतरं फार नाहीत. विजयदुर्ग ते देवगड सुमारे 11 सागरी मैल, देवगड ते मालवण 19-20, मालवण ते वेंगुर्ला 16 च्या आसपास. एक सागरी मैल म्हणजे 1.85 किलोमीटर. ताशी सात-आठ सागरी मैलांच्या वेगानं सर्वांत लांबचा टप्पा तीन तासांच्या आत होतो. यापेक्षा मोठा टप्पा ठेवू नका, कारण या बोटींवर स्वच्छतागृह नसतं. आमच्यातल्या बायकांनी हा मुद्दा पहिल्याच दिवशी स्पष्ट मांडला आणि सगळी आखणी त्यावर बेतली. तुम्हीही हे आधी बोलून घ्या, बोटीत बसल्यावर नको.

बोट ठरवताना मासेमारीची होडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेलीच बोट घ्या. महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, विमा आणि किती माणसांची परवानगी आहे हे कागदावर बघा. परवाना कुठल्या हद्दीपर्यंत चालतो हे बंदर कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. बंदरांमधून फिरायचं असेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर फोनवर नीट मिळत नाही. इंजिनं दोन असलेली बरी. इंधन किती लागेल त्याच्या दीडपट बरोबर आहे ना, तेही निघण्यापूर्वी डोळ्यांनी बघा.

भाडं बोलताना तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या: बोट चालण्याचे पैसे, मुक्कामाच्या दिवसाचे पैसे आणि बोट रिकामी परत नेण्याचे पैसे. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि शेवटच्या धक्क्यावर वाद होतात. तांडेल-खलाशांच्या जेवणाचं आणि झोपण्याचंही आधीच ठरवा. ती माणसं पहाटे चारला उठून आपल्यासाठी पाणी बघतात, त्यांची सोय आपल्याइतकीच नीट व्हायला हवी.

लाइफ जॅकेटबद्दल मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण गेले. आपल्याच जिल्ह्यातली घटना. त्याआधी 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. दोन्ही वेळा महिना मेचा होता, हे ध्यानात ठेवा. मे महिन्यात शाळेला सुट्टी असली तरी बोटीचा बेत नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. जॅकेट बोटीवर रचून ठेवलेलं चालत नाही, अंगावर हवं आणि पट्टे आवळलेले हवेत. मुलांच्या मापाची जॅकेटं बोटीवर असतीलच असं नाही, ती आम्ही घरूनच विकत घेऊन नेली. पोहता येतं म्हणून कुणी काढून बसलं तर तांडेलला बोट थांबवायला सांगा.

आता वाट. सोलापूर ते विजयदुर्ग जवळपास पावणेचारशे किलोमीटर पडतं. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि विजयदुर्ग. घाट चालू आहे ना, हे कोल्हापुरात विचारून पुढं जा. माघी वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या बाजूला दिंड्यांची गर्दी असते, म्हणून आम्ही दशमीला पहाटे लवकर निघालो. गाडी आणि चालक बरोबर ठेवले. सामान घेऊन ते रस्त्यानं पुढच्या बंदरात जायचे आणि आम्ही बोटीनं मोकळ्या हातानं. बोटीत फक्त पाणी, औषधं, टोपी, आधार कार्डं आणि खाणं.

खाण्याला आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी यासारखं दुसरं काही नाही. सांडत नाही, वास येत नाही, मळमळणाऱ्या पोटाला चालते. खाऱ्या हवेत भाकरी लवकर मऊ पडते, तेव्हा स्टीलच्या घट्ट डब्यातच न्या. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी बोटीत बसायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

विजयदुर्गला एक अख्खा दिवस द्या. वाघोटन खाडीच्या मुखावर हा किल्ला असा बसला आहे की जमिनीवरून बघताना त्याची जागा कळतच नाही. बोट खाडीतून बाहेर पडून वळते, तटाची तिहेरी रांग पाण्यातून वर येते, तेव्हा आंग्र्यांनी आरमार इथं का ठेवलं ते कळतं. 1756 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी ते आरमार याच बंदरात जळालं. गिर्ये गावाजवळची जुनी गोदीही बघा, तिथं गर्दी नसते.

देवगडचं बंदर डोंगराच्या कुशीत आहे आणि आत शिरताच पाणी निवांत होतं. त्यापुढचा मालवणपर्यंतचा टप्पा मला सगळ्यात आवडला. कुणकेश्वराचं देऊळ अगदी पुळणीवर उभं दिसतं. मग मिठबाव, तांबळडेग, आचरा. सकाळच्या उन्हात माडांची रांग तुटत नाही. वाटेत जाळ्यांचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, दिसतात, त्यांना वळसा घालूनच जायचं. किनाऱ्याजवळ रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल तर त्या वर्तुळात बोट नेऊ नका, अख्ख्या गावाची मेहनत त्यात असते.

मालवणला पाण्याखाली खडक फार आहेत. स्थानिक तांडेल नसेल तर तिथं शिरण्याचा विचारही करू नका. सिंधुदुर्ग किल्ल्यावर आम्ही धक्क्यावरच्या नेहमीच्या फेरीबोटीनं गेलो. 25 नोव्हेंबर 1664 ला याची पायाभरणी झाली. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे, दुष्काळी भागातल्या माणसाला तिथून लवकर हलवत नाही. हा सगळा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा प्रवाळ तोडू नका, शंख उचलू नका.

चतुर्दशीला पहाटेच वारा होता. तांडेलमामांनी नाही म्हटलं आणि आम्ही मालवणलाच राहिलो. मोकळा दिवस आधीच धरलेला होता, त्यामुळं कुणाची घाई झाली नाही. प्रत्येकानं असा एक दिवस धरावा आणि तांडेलच्या ‘नाही’वर घासाघीस करू नये. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी बघायची सवय ठेवा.

पौर्णिमेला निवतीच्या बाहेर डॉल्फिन दिसले. तांडेलनं इंजिन मंद केलं, पाठलाग केला नाही, हे मला फार बरं वाटलं. वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह लांबून पाहिलं. तिथं उतरायचा आग्रह धरू नका, खडकांवर पाकोळ्यांची घरटी आहेत आणि उतरण्याची जागाही सोपी नाही.

फोनमध्ये दोन नंबर घालून ठेवा: तटरक्षक दल 1554 आणि सागरी पोलीस 1093. परतीला वेंगुर्ला, सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज असा रस्ता बरा पडतो. आंबोलीचा घाट उजेडात चढायचा असेल तर दुपारी जेवण उरकून लगेच निघा, नाहीतर वेंगुर्ल्यालाच मुक्काम करा.